नवतप्यात नको, थंडीत धावा

प्रश्न : सर, नमस्कार. मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते, बँकेत आहे, वय ३८. माझ्या नणंदेला तीन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचं निदान झालं. ती २९ वर्षांची आहे. ३० मे हा जागतिक एमएस दिन. त्या दिवशी अंबाझरीला दहा किलोमीटर धावून या रुग्णांसाठी पैसे गोळा करावेत, असं आम्हा सहा-सात मैत्रिणींच्या मनात आहे. शेवटच्या रेषेवर फीत धरायला नणंदेला उभं करणार होतो. पण ती म्हणते, ‘वहिनी, माझ्या नावानं पैसे मागू नको.’ खरं सांगायचं तर मागायची मलाही लाजच वाटते. काय करू?

उत्तर : धावा, पण ३० मेला नको. आपल्याकडे तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ दिवसांचे कडक ऊन, चालू असतो आणि हा आजार असलेल्या माणसाला उन्हाचं वावडं असतं. मी हे पुस्तकात वाचून नाही, घरात शिकलो. माझ्या धाकट्या भावाला एमएस आहे. काही वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखाच मे महिन्यात पोरं गोळा करून धावलो आणि त्याला फुटाळा तलावाच्या काठी खुर्ची टाकून बसवलं. सकाळचे साडेसात वाजले होते, म्हणजे आपल्या मते ‘ऊन कुठं आहे अजून!’ मी पोचलो तर हा उठायलाच तयार नाही. पाय ऐकत नव्हते, डोळ्यांपुढे धुरकट दिसत होतं. दोघांनी उचलून गाडीत घातला, एसी लावला, मानेवर ओला टॉवेल ठेवला. दुपारपर्यंत पुन्हा आपल्या पायांनी फिरायला लागला. पण त्या दोन-तीन तासांत माझं काय झालं ते मलाच माहीत.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, याला उटहॉफचा परिणाम म्हणतात. विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये तो नोंदवला; श्रम केल्यावर काही रुग्णांची नजर तेवढ्यापुरती अंधुक व्हायची. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. अशा उघड्या पडलेल्या तंतूंतून जाणारा संदेश शरीर जरासं तापलं तरी अडखळतो. अर्ध्या अंशानंही फरक पडू शकतो. अंग थंड झालं की बहुधा पहिल्यासारखं होतं, आजार त्यानं वाढत नाही. पण नणंदेला फीत धरायला लावून नवतप्यात उभं करू नका.

३० मेला घरी बसून मैत्रिणींना संदेश पाठवा आणि धावायचं जानेवारीत ठेवा. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून पहाटे निघा. सेमिनरी हिल्सचा चढ हवा असेल तर घ्या, पण मग वेळेची बढाई मारू नका. सरावाला तुम्हाला सहा-सात महिने मिळतात, हाही फायदाच.

आता पैशांचं. स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून याच रुग्णांसाठी काम करते. तिच्याशी आधी बोला आणि देणाऱ्यानं थेट तिच्याच खात्यात भरावं, असं ठेवा. पावती देणाऱ्याच्या नावानं निघाली पाहिजे. देणगीवर आयकरात मिळणाऱ्या सवलतीचं गाजर सरसकट दाखवू नका : दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती नाही आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांनाही नाही. बँकेतल्या बाईंना मी हे काय सांगावं! टी-शर्ट, पदकं, पोह्यांवरची तर्री, हा खर्च मात्र तुमच्या खिशातून. देणगीला हात लागला की पुढच्या वर्षी कोणी दारात उभं करणार नाही.

लाजेवर माझा उपाय साधा आहे. ‘मदत करा’ म्हणायचं नाही. ‘मी दहा किलोमीटर धावतेय, तुम्ही किलोमीटरमागे किती लावता?’ असं विचारायचं. शंभर लावले तर हजार होतात, आणि लोक वर तुम्हाला चिडवतातही की पूर्ण धावून दाखवा.

नणंदेचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर आहे. तिचं नाव, फोटो, आजार किती वर्षांचा, यातलं काहीही तिनं होकार दिल्याशिवाय छापू नका. हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त होतो, तोही बहुतेकदा विशी ते चाळिशीत. तुम्हाला सांगायला एवढं पुरे आहे, घरातल्या पोरीचं उदाहरण लागत नाही. तिला यायचं असेल तर फीत नको, काहीतरी खरं काम द्या.

माझ्या भावाच्या हाती मी त्यानंतरच्या जानेवारीत स्टॉपवॉच दिलं. त्यानं माझे ६८ मिनिटं सांगितले. माझ्या घड्याळात ६१ होते. विचारलं तर म्हणाला, ‘मे महिन्यात खुर्चीवर बसवलं होतं ना मले, त्याचे सात.’