उपकंत्राटदाराचा टीडीएस कापायचा राहिला

प्रश्न : आमच्या बांधकाम फर्मने 2024-25 मध्ये एका गवंडीकाम उपकंत्राटदाराला 4 लाख रुपये दिले, पण टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) कापला नाही. आता काय करावे?

उत्तर : तो वैयक्तिकरीत्या (कंपनी किंवा फर्म म्हणून नव्हे) काम करत असल्यास प्राप्तिकर कायदा, 1961 च्या कलम 194सीनुसार 1 टक्का, म्हणजे 4,000 रुपये कापायला हवे होते. घाईने चलन भरण्याआधी त्याच्या प्राप्तिकर विवरणपत्राची चौकशी करावी. त्याने ही रक्कम उत्पन्नात दाखवून कर भरला असेल, तर सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह फॉर्म 26ए सादर करता येतो. मग मूळ कर तुमच्याकडून वसूल होत नाही, केवळ त्याच्या विवरणपत्राच्या तारखेपर्यंतचे दरमहा 1 टक्का व्याज द्यावे लागते. अन्यथा कर व व्याज भरून संबंधित तिमाहीचे 26क्यू (टीडीएसचे तिमाही विवरणपत्र) दुरुस्त करावे. खरा फटका 4,000 रुपयांचा नाहीच. टीडीएस न कापल्यामुळे त्या खर्चापैकी 30 टक्के, म्हणजे 1,20,000 रुपये, अमान्य होऊन नफ्यात मिळवले जाऊ शकतात.