कुळागर विकून अमेरिकेत बास्केटबॉल?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका आईच्या पत्राचा सारांश असा: त्यांचा एकुलता एक मुलगा सतरा वर्षांचा, सहा फूट तीन इंच उंच, बारावीत शिकणारा आणि राज्याच्या कनिष्ठ बास्केटबॉल संघात खेळणारा आहे. परराज्यातील एका स्पर्धेत भेटलेल्या मध्यस्थाने त्याला वर्षभर अमेरिकेतील शाळेत ठेवून पुढे तिथल्या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवून देण्याचे आश्वासन दिले आहे आणि त्यासाठी ३० लाख रुपये मागितले आहेत. मुलगा परीक्षा सोडून निघायला तयार आहे, यजमान वडिलोपार्जित कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, अर्धा भाग विकायला तयार आहेत, आणि विक्रीखतावर या माउलीची सही हवी आहे. ‘सही नाही केली तर मुलगा जन्मभर मला बोल लावील. काय करू?’ असे त्या विचारतात.

ताई, सही करू नका, आणि मुलाला खेळ सोडायलाही सांगू नका. घरात या दोन गोष्टींची गाठ घातली गेली आहे, ती आधी सोडवायला हवी. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार पतीला पत्नीच्या संमतीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही. तेव्हा तुमची सही म्हणजे तुमचा खरा होकार आहे, आणि मनात शंका असताना तो देण्याची सक्ती तुमच्यावर कोणीही करू शकत नाही. पोफळीच्या उत्पन्नातून मुलाचे बूट, प्रवास, सुट्टीतील शिबिरे यांचा खर्च करा. तो करायलाच हवा. जमीन मात्र राखा.

मुलाच्या डोळ्यांसमोर एनबीए, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग आहे, हे तुमच्या पत्रावरून दिसते. तिथे ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघात नियमित कराराच्या जागा १५, म्हणजे साऱ्या जगातून सुमारे साडेचारशे खेळाडू. पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा सात फूट दोन इंच उंचीचा. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले, तेव्हा भारतात जन्मलेला असा तो पहिलाच खेळाडू ठरला. तरीही एनबीएच्या नियमित मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. हे मुलाला सांगताना त्याचा हिरमोड करण्याचा हेतू नसावा, पण अर्धे कुळागर कशावर लावले जात आहे, हे त्याला कळायलाच हवे.

उंचीविषयीही थोडे बोलते, कारण घराघरांत इथेच फसगत होते. आपल्याकडे शाळेतला सर्वांत उंच मुलगा रिंगखाली उभा केला जातो. तो रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परतलेला चेंडू, घेतो, जवळून बास्केट करतो आणि सामने जिंकून देतो. व्यावसायिक खेळात मात्र सहा फूट तीन इंच ही गार्डची उंची समजली जाते, आणि गार्डला चेंडू खेळवता, पास देता आणि लांबून नेम साधता यावा लागतो. एखाद्या संध्याकाळी तुम्ही स्वतः कोर्टवर जाऊन बसा. डाव्या हाताने ड्रिबल करताना, म्हणजे चेंडूला टप्पे देत नेताना, त्याची नजर चेंडूवर खिळते की समोरच्या खेळाडूवर असते, आणि पावणेसात मीटरवरच्या थ्री पॉइंट रेषेबाहेरून, दमलेला असतानाही, त्याचा हात तसाच सरळ सुटतो का, एवढे पाहा. मग प्रशिक्षकांना विचारा, की याला आतापासून गार्ड म्हणून खेळवाल का? त्या उत्तरावर त्याचे भवितव्य मध्यस्थाच्या आश्वासनापेक्षा कितीतरी अधिक अवलंबून आहे.

बारावी सोडणे हा तर खेळाच्याच दृष्टीने तोटा आहे. अमेरिकेतील कॉलेज खेळाचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था वरच्या दोन विभागांत खेळण्यासाठी शालेय गुणपत्रिका तपासते आणि नववी ते बारावीच्या काळातले १६ मुख्य अभ्यासक्रम पूर्ण झालेले पाहते. तिच्या पात्रता केंद्राकडे विद्यार्थ्याला स्वतः नोंदणी करता येते. शिष्यवृत्ती देते कॉलेज, मध्यस्थ नव्हे. म्हणून त्या गृहस्थाकडून शाळेचे नाव, तिथल्या प्रशिक्षकाचे थेट पत्र आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार याचा तपशील लेखी मागा. पुढच्या दोन महिन्यांत मुलाच्या पूर्ण सामन्यांचे चित्रण करून ठेवा. निवडक बास्केटची चित्रफीत पाहून प्रशिक्षकाला बचाव दिसत नाही.

आपल्या देशातही या खेळावर पोट भरते, आणि हा मार्ग कमीपणाचा नाही. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी यांचे संघ वर्षानुवर्षे स्पोर्ट्स कोट्यातून खेळाडूंना नोकरी देत आले आहेत. दक्षिण रेल्वेची गीतू अ‍ॅना जोस नोकरी सांभाळून ऑस्ट्रेलियात खेळली. भारताचा कर्णधार राहिलेला विशेष भृगुवंशी ओएनजीसीकडून खेळत असतानाच २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड थर्टीसिक्सर्स संघाने त्याला करारबद्ध केले. गोव्यातील २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत नावेलीच्या स्टेडियमवर हे सामने झाले, तेव्हा असेच नोकरदार खेळाडू तुमच्या मुलाच्या वयाच्या पोरांनी जवळून पाहिले. गुडघ्याचा लिगामेंट एकदा तुटला की वर्षाचा मोसम हातचा जातो, आणि अशा वेळी दरमहा येणारा पगार घराला धीर देतो.

राहिला बोल लावण्याचा प्रश्न. तो रागावेल, काही दिवस अबोलाही धरील. सतराव्या वर्षी हे साहजिक आहे. पण सही नाकारल्याचे त्याला यजमानांकडून किंवा शेजाऱ्यांकडून कळू देऊ नका. आधी यजमानांशी एकांतात बोला, मग दोघांनी मिळून त्याला समोर बसवा आणि परीक्षेनंतरच्या वर्षाचा आराखडा त्याच्याच हाताने लिहून घ्या: कोणत्या ट्रायल, कोणते शिबिर, कोणत्या कॉलेजांना पत्रे, आणि घरातून दरमहा किती पैसे. मध्यस्थाचे लेखी उत्तर आलेच, तर वकिलाला दाखवल्याखेरीज एक रुपयाही देऊ नका.