थारमधल्या गावात पहिल्यांदा राहताना

राजस्थानातल्या जैसलमेरजवळच्या खुडी गावात राहायला जाताय, छान! नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, आणि एका रात्रीत आटपू नका. दोन रात्री तरी राहाच.

पाण्याचं मात्र नीट लक्षात ठेवा. घराजवळ जमिनीत टांका असतो, पावसाचं पाणी साठवायची टाकी. भोवतालच्या उतरत्या स्वच्छ जमिनीला आगोर म्हणतात. पाणी तिच्यावरूनच टांक्यात उतरतं. नवखे लोक तिथं बूट घालून फिरतात, फार वाईट वाटतं. आंघोळ अर्ध्या बादलीत उरका.

बाकी दोनच चुका टाळा:
- दुपारच्या उन्हाला भुलून स्वेटर न नेणं. वाळू रात्री झपाट्याने गार पडते.
- बायकांचे न विचारता फोटो काढणं.

बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची, म्हणजे केरच्या फळांची आणि खेजडीच्या शेंगांची, भाजी आवर्जून मागा. उंटावरच्या लांब सफरींचं पुढच्या खेपेला बघू.