पेशी मेल्या म्हणून मुलीला नापास करू नका

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला (बायोकेमिस्ट्री) आहे, ७८ टक्के पडतात. प्रोजेक्टसाठी तिनं केलेरिथ्रीन नावाचं वनस्पतीतलं रसायन १० मायक्रोमोलर मात्रेत पेशींना दिलं. रात्रीत सगळ्या पेशी मेल्या. दोनदा केलं, दोन्हीदा तेच. झाडातल्या वस्तूनं पेशी मरतात म्हणजे हिचाच हात चुकतो. ‘संशोधन तुला झेपणार नाही’ असं सांगून मी बँक परीक्षेच्या क्लासची फी भरली. तेव्हापासून ती बोलत नाही. तिची समजूत घाला.
– एक वडील, रत्नागिरी

उत्तर : ‘तेव्हापासून ती बोलत नाही’ या वाक्यावर पुन:पुन्हा नजर जाते. मुलीचं काम फसलं आणि तिनं ते घरी येऊन सांगितलं, लपवलं नाही. त्यावर तुम्ही निकाल लावून फीची पावती पुढे केलीत. उद्या काही बिघडलं तर ती तुम्हाला सांगेल का? तिची समजूत मी घालणार नाही.

आता ‘झाडातलं म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीकडे येऊ. कळलावी झाडच आहे, आणि तिच्यातल्या कोल्चिसिननं माणूस दगावतो. केलेरिथ्रीनही त्याच्यासारखं अल्कलॉइडच, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं नत्रयुक्त, बहुधा जहाल रसायन. तिरफळाच्या प्रजातीतल्या काही झाडांच्या सालीत ते असतं (म्हणून माशाच्या आमटीतलं तिरफळ काढू नका, मुद्दा मात्रेचा आहे). १० मायक्रोमोलरला बऱ्याच प्रकारच्या पेशी रात्रभरात मरतात. ते प्रोटीन कायनेज सी (पीकेसी) हे संदेशवहनातलं एन्झाइम रोखतं, असं १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. निम्मी क्रिया ०.६६ मायक्रोमोलरला थांबते, हा तेव्हाचा आकडा. १९९८ मध्ये दुसऱ्या गटाला हा परिणाम दिसलाच नाही. २००३ मध्ये ते पेशीला जगवणाऱ्या बीसीएल-एक्सएल प्रथिनाला निकामी करतं, असं दाखवलं गेलं. बाटलीवर मात्र अजूनही ‘पीकेसी इनहिबिटर’च (पीकेसी रोखणारं) छापलेलं असतं. दोन्हीदा तेच घडलं, यावरून तुमच्या मुलीचा हात स्थिर दिसतो. मात्रा आणि वेळ जास्त झाली, एवढंच.

तिला पुन्हा करू द्या. ५ मिलिग्रॅम केलेरिथ्रीन क्लोराइड १.३ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं की १० मिलिमोलरचा स्टॉक (मूळ दाट द्रावण) होतो. त्याचे छोटे भाग करून, फॉइल गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवावेत. एकच नळी दहा वेळा वितळवली-गोठवली की मात्रेचा भरवसा राहत नाही. मिलिलिटरभर मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) स्टॉकचा अर्धा मायक्रोलिटर टाकायला जाऊ नये, पिपेट तेवढं नेमकं उचलत नाही. १० मिलिलिटर मीडियममध्ये ५ मायक्रोलिटर घातलं की ५ मायक्रोमोलर झालं. तिथून खाली २.५, १ आणि ०.५, वेळ ३० आणि ६० मिनिटं. एका वेलमध्ये (पेशींच्या प्लेटमधल्या खळग्यात) नुसतं तेवढंच डीएमएसओ हवंच, नाहीतर पेशी कशानं मेल्या ते कळणार नाही. मीडियममधल्या सीरमचं (रक्तद्रवाचं) प्रमाण मध्येच बदलू नये. द्रावण पिवळं असतं आणि स्वतःच चमकतं, तेव्हा फ्लुरोसन्स (प्रकाश पडल्यावरची चमक) मोजायचा असेल तर पेशींशिवायची एक वेल राखून ठेवावी. आणि ‘पीकेसी रोखलं’ असं रिपोर्टात लिहायचं असेल तर रचनेनं वेगळा असलेला दुसरा इनहिबिटर, उदाहरणार्थ गो ६९८३, सोबत लावल्याशिवाय लिहू नये.

एम.एस्सी.साठी जॅम, गॅट-बी, सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षा आहेत, पुढे संशोधनासाठी नेट ही परीक्षा. रस्ता लांब आहे: एम.एस्सी.ची दोन वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये, नाही मिळाली तर ओढाताण. पैशांची ही काळजी खरी आहे, ती तिच्यासमोर बसून बोला. बँकेची नोकरीही चांगलीच. मात्र ती तिनं निवडायला हवी.

आज संध्याकाळी तिची लॅबची वही मागा. मात्रा कशी काढली, पेशी कोणत्या, किती वाजता काय दिसलं, हे तिच्याकडून समजून घ्या, मध्ये बोलू नका. क्लासवाल्यांना फी परत मिळण्याची मुदत विचारा आणि तिचं ठरेपर्यंत तिला बॅचला पाठवू नका.