ग्रहाचं माप चुकवणारा अंधुक शेजारी

प्रश्न : केप्लर दुर्बिणीनं शोधलेल्या काही ग्रहांचे आकार नंतर वाढवावे लागले, कारण त्यांच्या ताऱ्याला खेटून दुसरा तारा सापडला, असं वाचलं. शेजारच्या ताऱ्यामुळे ग्रह मोठा कसा होतो? माझ्या आठ इंची दुर्बिणीतून असा जोडीदार दिसेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ग्रह होता तेवढाच असतो, चुकलेलं असतं आपलं माप. केप्लर ताऱ्याचा उजेड मोजायची. ग्रह आडवा आला की उजेड किंचित घटतो आणि त्या घटीवरून ग्रहाचा आकार काढतात. पण तिच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशातल्या जवळपास ४ विकलांचा (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग). तेवढ्यात दोन तारे बसले तर तिच्या लेखी तो एकच. दोघं सारख्या तेजाचे असतील तर १ टक्क्याची घट अर्धा टक्का भासते आणि ग्रहाची त्रिज्या १.४ पटीनं कमी निघते. म्हणजे पृथ्वीच्या १.४ पट, खडकाळ असणार म्हणून आपण ज्याच्यावर हरखलो, तो प्रत्यक्षात पृथ्वीच्या दुप्पट आणि बहुधा वायूचं जाड पांघरूण घेतलेला! शेजारी अंधुक असेल तर चूक थोडी. मात्र ग्रह त्या अंधुक ताऱ्याभोवतीच फिरत असेल, तर सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

म्हणून एकेका ताऱ्याचा बारकाईनं फोटो घ्यावा लागतो. यात माझ्या विशेष जिव्हाळ्याचं काम रोबो-एओचं, कारण ते उपकरण अमेरिकेतली कॅलटेक ही संस्था आणि आपल्या पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका यांनी मिळून उभारलं. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीवरून अतिनील लेसर आकाशात सोडायचा, हवा प्रकाशाला कशी हलवते ते त्यावरून ओळखायचं आणि सेकंदाला हजाराहून जास्त वेळा आरशाचा आकार बदलून ती थरथर काढून टाकायची. हे सगळं यंत्रानं, आपलं आपण. २०१२मध्ये पाहिलेल्या ७१५ ताऱ्यांपैकी ५३ ताऱ्यांजवळ, अडीच विकलांच्या आत, शेजारी सापडले. त्यातले ४३ आधी कुणालाच ठाऊक नव्हते.

ते शेजारी आठ इंचीतून दिसायचे नाहीत. पण झगझगाटातला जोडीदार शोधायचा सराव व्याधावर जरूर करा. त्याचा जोडीदार सध्या सुमारे ११ विकला दूर आहे, पण तेज जवळजवळ दहा हजार पटींनी कमी. आधी मृगातल्या राजन्य (रायगेल) ताऱ्याचा जोडीदार गाठा, तो बराच सोपा. मग फेब्रुवारीत व्याध मध्यमंडलावर, म्हणजे दक्षिणेला सर्वात उंच असताना, चांदण्या फारशा लुकलुकत नसतील अशा रात्री, ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारी मोटर बंद करा आणि व्याधाला दृश्याच्या पश्चिम कडेबाहेर सरकू द्या. जोडीदार पूर्वेला असल्यानं तो जेमतेम पाऊण सेकंद मागे राहतो. मला तीन हिवाळे लागले. वाईजवळच्या एका शेतात, दहा इंचीतून, व्याध कडेआड गेला आणि मागे राखाडी कणीसारखं काहीतरी क्षणभर थांबलं. खात्री करायला मी तेच सोळा वेळा केलं.