नाइन्थची बायॉलॉजी आणि आपलं जर्नल

एका ताईंचा प्रश्न आलाय. दीड वर्षापूर्वी पुण्याहून न्यू जर्सीला आलेत, मुलगा सप्टेंबरमध्ये नाइन्थला जाणार, काउन्सेलरने बायॉलॉजी ऑनर्स, म्हणजे जरा वरच्या पातळीचा वर्ग, दिलीये. ताई स्वतः बीएस्सी बॉटनी, त्यामुळे म्हणतायत की मीच घरी शिकवीन, फक्त इथे नक्की काय काय असतं ते सांगा, आणि बेडूक वगैरे कापायला लावतात का, कारण आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही.

ताई, तुमची बॉटनी झालीये ना, मग तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होणार आहे, आधीच सांगून ठेवते :) माझं तसंच झालं. मी बारावीला बायो घेतलेली, जर्नल इतकं सुबक की सरांनी पुढच्या बॅचला दाखवायला ठेवून घेतलं होतं, एचबी पेन्सिल, नावं सगळी उजव्या बाजूला एका रेषेत, शेडिंग नाही. म्हटलं लेकीला यात मी सहज तारून नेईन.

ऑक्टोबरमध्ये तिचं बटाट्याचं लॅब आलं, ऑस्मॉसिसचं, म्हणजे पेशीच्या पटलातून पाणी कमी दाट बाजूकडून जास्त दाट बाजूकडे कसं जातं त्याचं. बहुतेक शाळांत हे असतंच, तुमच्याकडेही येईल. बटाट्याच्या सारख्या मापाच्या कांड्या कापायच्या, वजन करायचं, मग एकेक बीकरमध्ये टाकायच्या, एकात नुसतं पाणी आणि बाकीच्यांत साखरेचं पाणी चढत्या दाटपणाचं, रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत वजन करून किती टक्के वाढलं की घटलं त्याचा ग्राफ काढायचा. ती रिपोर्ट लिहायला बसली आणि मी शेजारी बसून कन्क्लूजन अक्षरशः सांगितलं, ऑस्मॉसिस म्हणजे अमुक, निवडक्षम पारपटल म्हणजे तमुक, आपली पाठ व्याख्या, एक शब्द इकडचा तिकडे नाही. चारपैकी दोन मार्क. खाली टीचरने लिहिलेलं, व्याख्या बरोबर आहे, पण तुझा बटाटा काय म्हणतोय?

मी इतकी चिडले होते, मेल करायलाच बसले होते. नवऱ्याने लॅपटॉप बंद केला, बरं केलं.

कारण टीचरचं खरं होतं. तिला हवं होतं ते असं, की ०.२ मोलर (मोलर म्हणजे साखरेच्या दाटपणाचं माप) पाण्यात माझ्या कांडीचं वजन एवढे टक्के वाढलं, ०.४ मध्ये एवढं घटलं, ग्राफची रेघ शून्याला साधारण ०.३ पाशी कापते, म्हणजे तिथे आत येणारं पाणी आणि बाहेर जाणारं पाणी सारखं, म्हणजेच बटाट्याच्या पेशीतलं पाणी साधारण तेवढंच दाट आहे. बघा ना, एका बटाट्यावरून पेशीच्या आतलं मोजलं पोरीने आणि आम्ही दोघींनी ते लिहिलंच नाही, व्याख्या लिहून मोकळ्या झालो. इथे याला क्लेम, एव्हिडन्स, रीझनिंग म्हणतात, मुलं नुसतं सीईआर म्हणतात, आणि वर्षभर प्रत्येक लॅबला, टेस्टमधल्या मोठ्या प्रश्नांना, सगळीकडे तेच. आधी तुझं म्हणणं काय ते एका वाक्यात, मग तुझ्या डेटातले आकडे, मग ते आकडे तसे का आले याचं सायन्स. आपल्या मुलांना तिसरं छान जमतं आणि दुसरं लिहायचं राहून जातं. २०१३ साली नवीन सायन्स स्टॅंडर्ड्स आली, न्यू जर्सीने ती घेतली, तेव्हापासून हे जास्तच आहे. टेस्टमध्येसुद्धा कधी न पाहिलेला एखादा ग्राफ देतात, कुठल्यातरी तळ्यातले मासे, आणि विचारतात यावरून काय दिसतं. पुस्तकात ते तळं नसतंच. मग मुलगा घरी येऊन म्हणतो हे शिकवलंच नव्हतं, आणि आपण शाळेवर चिडतो.

आता पोर्शन. क्रम शाळेप्रमाणे बदलतो, काही जण इकॉलॉजीपासून सुरू करतात, पण एरवी साधारण असं, पहिले कार्ब्स, लिपिड्स, प्रोटीन्स, न्यूक्लिक ॲसिड हे चार मोठे रेणू आणि एन्झाइम, मग पेशी आणि तिचं पटल, मग फोटोसिंथेसिस आणि रेस्पिरेशन, मग मायटोसिस मायोसिस, डीएनए ते प्रोटीन, मेंडेल, इव्होल्यूशन, आणि शेवटी उरलेल्या दिवसांत जे राहिलं ते. ह्यूमन बॉडी फार कमी असते, पचनसंस्था श्वसनसंस्था असं आपल्यासारखं एकेक करून नाही, त्यासाठी पुढे ॲनाटॉमीचा वेगळा क्लास घेता येतो. तुमची वर्गीकरणाची लॅटिन नावं पण फारशी कामाला येणार नाहीत, सॉरी.

डीएनए ते प्रोटीन हा भाग मुलांना सगळ्यात जड जातो. डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून तीन-तीन अक्षरांचे गट घेऊन अमिनो ॲसिड, त्यासाठी कोडॉन चार्ट असतो, ६४ कोडॉन (ते तीन अक्षरांचे गट), २० अमिनो ॲसिड, आणि त्यातले तीन कोडॉन स्टॉप, म्हणजे इथे थांब. चार्ट पाठ करायला कोणी सांगत नाही, तो टेस्टमध्ये देतात, वाचता आला पाहिजे एवढंच. हा कोड उलगडण्यात आपले हरगोविंद खुराना होते, १९६८ चं नोबेल निरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर. मी लेकीला सांगितलं तर तिने टीचरला सांगितलं आणि टीचरने वर्गात, त्या आठवड्यात मला जरा भाव होता घरात.

मेंडेल आला की पनेट स्क्वेअर येतात, आईबापाचे जीन चौकटीत मांडून पिल्लं कशी होतील ते काढायचं, ते सोपे, शब्दकोड्यासारखे. मेंडेलला जांभळ्या फुलांची ७०५ झाडं आणि पांढऱ्यांची २२४ मिळाली होती, तीनास एक म्हणतात ते हे असं, नेमकं तीन नाही, आणि नेमकं तीन का नाही हा प्रश्न येतो बरं का टेस्टला. याच युनिटमध्ये कधीकधी घरच्यांचा सर्व्हे देतात, जीभ गोल वळते का, कानाची पाळी चिकटलेली का मोकळी. आमच्या आजींना व्हिडिओ कॉलवर जीभ वळवायला लावली, त्यांचं हसून हसून पाणी निघालं डोळ्यातून. पण यातून कोणी भलते निष्कर्ष काढू नका, जीभ वळणं एका जीनवर ठरत नाही हे कधीच कळलंय, तंतोतंत सारख्या जुळ्यांमध्येसुद्धा एकाची वळते आणि दुसऱ्याची नाही. शाळांचे वर्कशीट तेवढे जुने राहिलेत. त्यापेक्षा सिकल सेल, म्हणजे रक्ताचा तो आनुवंशिक आजार, आला की घरी बोला, तो जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो, आफ्रिका आणि मलेरियाचा संबंध दाखवायला, आणि मुलांना वाटतं हा तिकडचा आजार. गडचिरोली, नंदुरबारकडे आदिवासी कुटुंबांत तो आहे हे त्यांना आपणच सांगू शकतो.

डिसेक्शनचं. सगळ्याच शाळांत नसतं, असलं तर बहुधा गांडूळ, बेडूक किंवा डुकराचं न जन्मलेलं पिल्लू, प्रिझर्व्ह केलेलं येतं. न्यू जर्सीत २००६ पासून कायदा आहे, मुलगा नाही म्हणू शकतो, त्याला दुसरा प्रोजेक्ट द्यावा लागतो आणि नाही म्हटलं म्हणून मार्क कापता येत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला शाळा तशी नोटीस देते, ती मिळाल्यापासून दोन आठवड्यांत कळवायचं, ती कागदांच्या गठ्ठ्यात हरवते म्हणून लक्ष ठेवा. कॅलिफोर्नियात असाच कायदा १९८८ पासून आहे, बाकी ठिकाणच्यांनी आपापल्या राज्याचं बघा. मात्र एक आहे, मुलालाच विचारा आधी. माझ्या मैत्रिणीने परस्पर नाही कळवलं आणि तिच्या मुलाला करायचं होतं, महिनाभर अबोला.

आणि नुसतं डिसेक्शनच नाही हं. एन्झाइमच्या लॅबला कोंबडीचं नाहीतर गायीचं लिव्हर वापरतात, हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फसफसतं, आणि ऑस्मॉसिसला कधी अंडं व्हिनेगरमध्ये ठेवून कवच विरघळवतात. दोन्हीला बटाटा चालतो, पेरॉक्साइडमध्ये बटाटाही फसफसतो फक्त जरा सावकाश. पहिल्या आठवड्यात लॅब सेफ्टीचा कागद सहीला येतो, गॉगल, केस बांधणे, बंद बूट, ॲलर्जी, तेव्हाच त्याच्यासोबत दोन ओळींचा मेल टाका की घरी हे चालत नाही, पर्याय मिळेल का. मला भेटलेल्या टीचर तरी याला कधी नाही म्हणाल्या नाहीत.

परीक्षेचं राज्यागणिक वेगळं, तेवढं पटकन सांगते कारण बदल्या होतात आपल्या लोकांच्या. न्यू जर्सीत राज्याची सायन्सची टेस्ट अकरावीत, त्यामुळे नाइन्थला तसं टेन्शन नाही. टेक्सासला गेलात तर बायॉलॉजीची स्टार टेस्ट ग्रॅज्युएशनला लागते, फ्लोरिडात त्या टेस्टचे ३० टक्के वर्षाच्या ग्रेडमध्ये धरतात, न्यूयॉर्कला रीजंट्स ही राज्याची परीक्षा आणि तिला बसायला १,२०० मिनिटं लॅब पूर्ण पाहिजे, आजारी पडून लॅब बुडाली की भरून काढावीच लागते. आणि भारतातून कोणी नातेवाईक सॅट टूची (कॉलेज प्रवेशासाठीच्या विषयवार परीक्षेची) बायॉलॉजी देणार का विचारतील, ती २०२१ मध्ये बंद झाली.

ऑनर्स झेपेल का असं तुम्ही सरळ विचारलं नाहीये पण मेलमध्ये ते दिसतंय. ऑनर्समध्ये पोर्शन तोच, वेग जास्त, वाचन आणि लिहिणं जास्त. मुलगा दीड वर्षापूर्वीच आलाय, तर मला काळजी बायॉलॉजीची नाही, लिहिण्याची आहे. नाइन्थचे मार्क ट्रान्सक्रिप्टवर जातात हे खरं, पण एका बी ग्रेडने कोणाचं मेडिकल बुडत नाही, आपल्या ग्रुप्समध्ये काहीही बोलतात. पहिली मार्किंग पिरियड बघा, ओढाताण वाटली तर बदलायची तारीख काउन्सेलरला आत्ताच विचारून ठेवा. एपी बायोचा, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या बायॉलॉजीचा, विचार आत्ता नको, ती केमिस्ट्री झाल्यावर बरी. ट्युटर पण लगेच लावू नका, शाळा सुटल्यावर टीचर एक्स्ट्रा हेल्पला बसतात, ती फुकट असते आणि तिथे जाणारी मुलं टीचरच्या लक्षात राहतात. त्या हेल्पसाठीचा मेल मुलाने स्वतः करायचा, तुम्ही नाही. हे मला शिकायला अख्खं वर्ष लागलं.

आजोबा असतील तर त्यांना मात्र घ्या यात. आमचे सासरे निवृत्त शिक्षक, ते फोनवर तंतुकणिका आणि हरितलवक म्हणायचे, लेक मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्ट, दोघं एकमेकांना समजावत बसायचे, आणि समजावता समजावता तिचं पक्कं व्हायचं. मी मध्ये पडायची नाही.

उन्हाळ्यात काय करून घेऊ म्हणालात. पुस्तक आणू नका. इंडियन स्टोअरमध्ये कैऱ्या आल्यात, लोणच्याच्या फोडी त्यालाच करू दे. शंभर ग्रॅम फोडी, मीठ लावायच्या आधी वजन, मग अर्ध्या तासाने, एका तासाने, दोन तासांनी, सुटलेलं पाणी वेगळं मोजायचं, एका वाटीत कमी मीठ, एकीत जास्त, एकीत अजिबात नाही. ती बिनमिठाची वाटी का ठेवायची ते त्यालाच सांगू दे, इथे तिला कंट्रोल म्हणतात. मग ग्राफ, आणि खाली चार ओळी. त्या तुम्ही नाही सांगायच्या, कितीही जीभ शिवशिवली तरी. फक्त वजनाआधी फोडी पेपर टॉवेलने नीट टिपायला सांगा, लेकीच्या बटाट्याच्या ग्राफमधला एक ठिपका त्या ओल्या कांडीमुळेच पार वर गेला होता आणि आम्ही दोन तास त्याचं सायन्स शोधत बसलो होतो.