लंडनला सोय आहे, मग वडोदऱ्यात काय?

प्रश्न: भाचा लंडनला असतो, तिथे म्हणे डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी फुकट काउन्सेलिंग मिळतं. इथे दांडिया बाजारात आमची आई कधीपासून रात्र रात्र जागी असते, सारखी रडते, आणि नातेवाईक म्हणतात देवाला नवस बोला. आपल्याकडे काहीच नाही का? – एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, भाच्याचं खरंय, इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीला (बोलून करायच्या उपचाराला) आपलं आपण नाव देता येतं, पण नंबर लागायला थांबावंही लागतं. इटलीने १९७८ च्या कायद्याने मोठी मनोरुग्णालयं बंद करायला घेतली आणि उपचार वस्तीत आणले, पण मला सगळ्यात भावतं ते झिम्बाब्वे, तिथे ट्रेनिंग घेतलेल्या आज्या दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून लोकांचं ऐकून घेतात, पैसा कमी होता तरी केलंच ना त्यांनी! आपल्याकडेही २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचाराचा हक्क देतो, इन्शुरन्सवाल्यांनाही मनाचा आजार बाकी आजारांसारखाच धरावा लागतो, अंमलबजावणी मात्र ढिली आहे आणि त्याचा मला फार राग येतो. तुम्ही आजच १४४१६ लावा, टेली मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आणि दिवसरात्र चालू. कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे, आईंना तिथे घेऊन जा, झोपेचं आणि रडण्याचं कधीपासून चालू आहे ते कागदावर लिहून न्या. नवस नंतरही बोलता येईल.